सोमवारी न येणारा करंट

मंगळवारी सकाळी फडत्र्यांच्या दुकानात दुसरा चहा झाला तरी कुणी उठेना. कोपरखैरण्याच्या त्या मार्केटात चौतीस गाळे होते आणि सगळ्यांचं वायरिंग वीस वर्षांपूर्वी ज्योतिबा फडत्र्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं. दुकानावरच्या पाटीत ‘शासनमान्य विद्युत ठेकेदार’ ही अक्षरं नावापेक्षा मोठी होती. तुर्भ्याच्या कारखान्यात वायरमन म्हणून लागलेल्या माणसाला ते लायसन्स मिळवायला अकरा वर्षं लागली होती. घरातली लग्नं, दोन्ही पोरांची शिक्षणं, धाकट्या भावाची, बाजीरावची, खोली, सगळं त्याच लायसन्सवर उभं राहिलं होतं.

आणि शनिवारी संध्याकाळी त्याच मार्केटात धनाजी हमाल फेकला गेला.

अकरा नंबरच्या गाळ्यात तांदळाची पोती उतरवताना त्यानं तोल सावरायला शटरच्या चौकटीला ओला हात लावला आणि तीन फुटांवर जाऊन पडला. मनगट मोडलं. दुकानदारांनी मग एकेक सांगायला सुरुवात केली. कुणाला मुंग्या आल्या होत्या, कुणाला चटका बसला होता. गाळेधारक संघाचे अध्यक्ष यशवंतशेट पाटील त्याच रात्री ज्योतिबांना फोन करून म्हणाले होते, "फडतरे, तुमचं नाव हाय म्हनून चार दिवस थांबतो. शुक्रवारी मी विद्युत निरीक्षकाला कलवनार."

काल सोमवारी मार्केट बंद होतं. बाजीरावकाका आणि ज्योतिबांचा थोरला इंद्रजित दोघांनी दिवसभर गाळे पालथे घातले. कुठंही काही सापडलं नाही. टेस्टरचा दिवा एकदाही लागला नाही.

"मग झालं तर," बाजीरावकाकांनी कप खाली ठेवला. "लाईनीत दोष नाय. त्या धनाजीला चक्कर आली असंल. तसं लिहून देऊ आणि मोकळे होऊ."

"सात जणांना चक्कर आली, काका?" क्रांतीनं विचारलं.

क्रांती ज्योतिबांची धाकटी. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून तिनं सुपरवायझरचं प्रमाणपत्र काढलं होतं. ठेकेदाराच्या लायसन्सला असा एक प्रमाणपत्रधारक लागतोच. आबांची, म्हणजे ज्योतिबांची, नजर अधू झाल्यापासून तपासणीच्या प्रत्येक कागदावर आबांच्या सहीखाली तिची सही असे. त्यामुळे तिला रविवारपासून एकच प्रश्न छळत होता. करंट आहे तर तो जातो कुठं?

"क्रांते, तू उगाच खोदत बसू नको," इंद्रजित म्हणाला. मोबाईलवरून नजर न उचलता. "लायसन्सचं नूतनीकरण तिकडं ऑफिसात पडलंय. नावड्याचं काम तोंडाशी आलंय. आत्ता तक्रार गेली ना, सगळं बोंबललं."

नावड्याला एका नव्या कारखान्याचं काम होतं. ते मिळालं की काका आणि इंद्रजित मिळून तिकडंच बस्तान हलवणार, मार्केटातलं हे फुटकळ काम सोडून देणार, असं गेले तीन महिने घरात चाललं होतं. आबांना ते पसंत नव्हतं. पण पसंत नाही असंही त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. आताही ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून चष्म्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसत होते.

जयमाला, इंद्रजितची बायको, कप गोळा करत होती. दुकानाचं काउंटर तीच सांभाळायची. त्यामुळे गिऱ्हाईक काय काय बोलतं ते तिच्या कानावर सगळ्यांच्या आधी पडायचं.

"मला एक कळत नाही," ती कप हातात धरून म्हणाली. "तो सोमवारी का येत नाही?"

"कोण?"

"करंट. मी परवापासून सगळ्यांना विचारतेय. कुणाला बुधवारी बसला, कुणाला शुक्रवारी. सोमवारी एकालाही नाही."

"सोमवारी मार्केट बंद असतं, वहिनी," इंद्रजित हसला.

"अकरा नंबरवाले सोमवारी माल उतरवतात की. अर्धं शटर वर करून. त्यांना नाही बसला. आणि सकाळीसुद्धा कुणाला नाही बसला. सगळ्यांना संध्याकाळीच."

बायकोला आपण वहिनी म्हणालो हे इंद्रजितच्या लक्षातही आलं नाही. एरवी यावर हशा झाला असता. क्रांती मात्र जयमालाकडे बघत राहिली. तीन दिवस ती ‘कुठं’ असं विचारत होती. ‘केव्हा’ हे वहिनीनं विचारलं.

"वहिनी, कधीपासून बसतोय? पहिल्यांदा कुणी सांगितलं?"

"गणपती गेले, त्याच्यानंतर. आधी नाही."

"आबा," क्रांती वळली, "आज संध्याकाळी मार्केट चालू असताना बघायचं. दिवे लागल्यावर."

"गिऱ्हाईक असतंय तवा?" काका उसळले. "चारचौघांत? सापडलं काय तर तिथंच इज्जत जाईल, पोरी."

ज्योतिबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "जाऊ द्या तिला," ते म्हणाले. "मी बी येतो."

*

साडेपाचला यशवंतशेट स्वतः हजर होते. दुकानदारांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, दहा मिनिटं कुणी ओरडायचं नाही, एकेक गाळ्याची लाईन जाईल आणि येईल. नऊ ते चौदा नंबरच्या गाळ्यांसमोर दोरी बांधून गिऱ्हाईक अडवलं होतं. दोरीपलीकडं हाताला प्लास्टर घातलेला धनाजी येऊन उभा राहिला होता.

"तू कशाला आलास?" यशवंतशेटनी विचारलं.

"मला बघायचंय, कशानं फेकलं ते," धनाजी म्हणाला.

क्रांती रबरी चटईवर उभी राहिली. हातात मीटर. एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला, दुसरं अकरा नंबरच्या चौकटीला. काटा शून्यावर होता. दुकानदार एकमेकांकडं बघायला लागले. काकांनी घड्याळ बघितलं.

पाच चाळीसला मार्केटातले दिवे एकेक करून लागायला लागले. आणि मीटरचा काटा उडाला.

"एकशेचाळीस व्होल्ट," क्रांती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. भीती होतीच, पण तिच्याहून जास्त काहीतरी होतं. तीन दिवस लपून बसलेली गोष्ट समोर आली होती आणि तिला आता ती हातची सोडायची नव्हती.

"बाप रे," मागून कुणीतरी म्हणालं.

इंद्रजित मीटर रूममध्ये होता. जयमाला मध्ये उभी राहून मोबाईलवरून दोघांचं बोलणं इकडून तिकडं पोचवत होती.

"याच रांगेचे सगळे गाळे बंद करायला सांग, वहिनी."

सतरा गाळे अंधारले. काटा जागचा हलला नाही. ज्या शटरला करंट होता, त्या रांगेत आता कुठंच वीज नव्हती. यशवंतशेट पुढं आले. "आरं, ही रांग तं बंद हाय. मग पानी मुरतंय कुठनं?"

"समोरून," क्रांती म्हणाली. "वहिनी, आता समोरची रांग. एकेक."

अठरा. काही नाही. एकोणीस, वीस. काही नाही. एकवीस, बावीस. तेविसावा गाळा अंधारला आणि काटा शून्यावर येऊन पडला.

"दादाला सांग, हाच. परत टाक म्हणावं, खात्री करू."

जयमालानं फोनवर सांगितलं. पलीकडून काही उत्तर येईना. तिनं दोनदा ‘हॅलो’ म्हटलं. मग इंद्रजितचा आवाज आला, "टाकतो."

नक्की हाच का, असंही त्यानं विचारलं नाही. क्रांतीच्या ते लक्षात आलं. जयमालाच्याही आलं असावं, कारण फोन खाली करताना तिनं क्रांतीकडं बघायचं टाळलं.

*

तेवीस नंबर म्हणजे दिलीप टेलरचा गाळा. वडिलांच्या पश्चात दिलीप तिथं ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायचा. सोमवारी न चुकता बंद ठेवायचा. संध्याकाळी बाहेरचा दिवा लावल्याशिवाय त्याला सुईत दोरा ओवता यायचा नाही.

लाईन पुन्हा पाडायला लावून क्रांतीनं त्याच्या बोर्डाचं झाकण उघडलं. वीज जरा कुठं गळायला लागली की लगेच लाईन पाडणारा जो स्विच असतो, तो बाजूनं वायरचे दोन तुकडे जोडून पार निकामी केला होता. तुकड्यांवर टेप होती. आधी एका दिशेनं, मग उलट दिशेनं गुंडाळलेली. अशी टेप सबंध मार्केटात एकच माणूस गुंडाळत होता आणि तो आता क्रांतीच्या मागे येऊन उभा होता.

"रोज पडायचा हो तो," दिलीप निष्पापपणे सांगायला लागला. "पाऊस आला की पडायचा. ऐन गणपतीत, गिऱ्हाइकांची गर्दी आणि मशीन बंद. मग इंद्रजितभाऊंनी डायरेक्ट करून दिला. म्हणाले, स्विच खराब झालाय, नवीन आणून बसवतो."

स्विच खराब झालेला नव्हता. तो त्याचं काम करत होता. रोज सांगत होता की कुठंतरी गळतंय. त्याचं तोंड बंद केलं आणि गळती चालूच राहिली.

 बोर्डात आणखी काहीतरी होतं. बाहेरच्या दिव्याच्या बटणावरून एक जुनी काळी वायर वर गेली होती. तिनं बॅटरी मारली. वायर छताच्या पत्र्याखालून बोळ ओलांडून समोरच्या रांगेकडं गेली होती. मार्केटचा नकाशा तिला पाठ होता. त्यात ही वायर कुठंच नव्हती.

"ही कुणाची?" ती स्वतःशीच म्हणाली आणि शिडी मागवली.

वर चढून ती वायरीच्या मागं मागं गेली. समोर अकरा नंबरच्या डोक्यावर श्रावणात नवा चकचकीत नामफलक बसवला होता. तो बसवणारी माणसंही फडत्र्यांचीच. फलकाचा एक स्क्रू पत्र्यातून आरपार जाऊन नेमका त्या काळ्या वायरीत घुसला होता. तिथून करंट लोखंडी अँगलमध्ये उतरला होता आणि त्या एका अँगलला नऊ ते चौदा या सहाही गाळ्यांची शटरं जोडलेली होती. वायर मात्र तिथं संपत नव्हती. ती पुढं अकरा नंबरच्या मागच्या भिंतीवरून खाली उतरत होती.

क्रांती शिडीवरून उतरून वळसा घालून मागं गेली. मागं ओटा होता. ओट्यावर गजरेवाली शकुबाई बसली होती. पुढ्यात शेवंती, झेंडू आणि ओल्या फडक्याखाली गजरे. तिच्या डोक्यावरचा एकुलता एक दिवा आता विझलेला होता.

"दिवा गेला गं बाय," शकुबाई म्हणाली. "तूच घालवलास का?"

"आजी, हा दिवा कुणी लावून दिला?"

शकुबाईनं उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला. "म्या दिला."

ज्योतिबा भिंतीला हात टेकून उभे होते. त्यांच्यामागं काका, इंद्रजित, जयमाला. यशवंतशेट अजून समोरच्या बोळातच दुकानदारांशी बोलत होते.

"वायर माझी हाय, पोरी," ज्योतिबा म्हणाले. "मार्केट नवीन हुतं तवाची. हिच्या ओट्याला कागद न्हाई, मग मीटर कोण देणार? राकेलची चिमणी लावून बसायची. एकदा पदर पेटला हिचा. म्या इझवला. दिलीपच्या बापाला म्हणालो, तुझ्या बटणावरनं एक दिवा देऊ या. त्यो हो म्हणाला. नकाशात दाखवता येत नव्हतं, म्हणून न्हाई दाखवलं. टेस्ट रिपोर्टवर सगळं बरोबर हाय म्हणून सही केली."

क्रांतीला काय वाटायला हवं होतं ते तिला कळेना. नकाशाबाहेर एक इंचही वायर जाता कामा नये हे तिला ज्यांनी शिकवलं, ते हेच आबा. रागवावं तर समोर शकुबाई होती.

"हे बघा," बाजीरावकाका घाईनं, हलक्या आवाजात म्हणाले, "अजून कुणाला काय म्हाईत न्हाई. इंद्रजित, त्या बोर्डातले तुकडे काढ. ही वायर आत्ता तोडतो मी. उंदरानं कुरतडली म्हणून लिही, क्रांती. उंदरावर कोण केस करतंय? माझ्या दादाचं नाव राहतं, पोराचं राहतं, तुझं बी राहतं."

सगळे क्रांतीकडं बघायला लागले. रिपोर्टची वही तिच्या काखेत होती.

"उंदीर स्विच डायरेक्ट करत नाही, काका," जयमाला म्हणाली.

इंद्रजित गर्रकन वळला. "तू मध्ये बोलू नको."

"बोलणार. गणपतीनंतर मी तुम्हाला चार वेळा म्हटलं, दिलीपभाऊंचा स्विच आणायचाय. नावड्याला जाताना विसरलात, येताना विसरलात. मी आणून ठेवला होता काउंटरखाली, तोही तसाच पडलाय." तिनं बोळाच्या दिशेनं हात केला. "तो धनाजी बाहेर उभा आहे. त्याला काय सांगू मी, उंदीर चावला?"

आजवर घरात काका आणि इंद्रजित एकीकडं, आबा आणि क्रांती दुसरीकडं, आणि जयमाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, अशी वाटणी होती. ती त्या ओट्यापाशी मोडली. काकांनी तोंड फिरवलं. इंद्रजित ओट्याच्या पायरीवर बसला.

क्रांतीनं वही उघडली. तिला लिहिता आलं असतं. तिला सगळं माहीत झालं होतं, क्रमानं. पण तिनं आबांच्या वायरीपुरतं लिहिलं, स्क्रूचं लिहिलं, आणि पेन थांबवलं.

"पुढचं तू सांग, दादा. मी लिहीन."

 समोरच्या बोळातून यशवंतशेटचा आवाज जवळ आला. इंद्रजित उठला. वाटेत त्यानं कुणाकडंच बघितलं नाही. सरळ दोरीपाशी गेला आणि धनाजीसमोर उभा राहिला.

"धनाजीभाऊ, स्विच मी डायरेक्ट केला होता. तेवीस नंबरचा. स्क्रूपण माझ्याच माणसांनी मारला, वर काय आहे ते मी बघितलं नाही. माझ्यामुळं झालं हे."

धनाजीनं त्याला नीट न्याहाळलं. "म्हणजे मी मेलो असतो?"

"हो," इंद्रजित म्हणाला.

"बरं झालं सांगितलंस," धनाजी म्हणाला. त्याच्या आवाजात माफीबिफी काही नव्हती. "आमच्या घरात सगळे म्हणत होते, पिऊन पडला असेल."

*

यशवंतशेटनी शुक्रवारची वाट बघितली नाही, दुसऱ्याच दिवशी निरीक्षकाला कळवलं. सोबत क्रांतीचा रिपोर्ट जोडला. त्यात आबांची वायर होती, इंद्रजितनं जोडलेले तुकडे होते, आणि चौकटीचा करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली असताना संघानं ती बदलली नव्हती हेही होतं. ते शेवटचं वाचून यशवंतशेट जरा खाकरले, पण खोडा म्हणाले नाहीत.

निरीक्षकांनी फडत्र्यांना नोटीस दिली. नूतनीकरण अडलं. नावड्याचं काम गेलं. बाजीरावकाका पंधरा दिवस दुकानात फिरकले नाहीत. धनाजीचा हात बरा होईपर्यंतचा सगळा खर्च आणि बुडालेली मजुरी दुकानानं द्यायची असं ठरलं. निरीक्षकांची आणखी एक अट होती. चौतीसच्या चौतीस गाळे पुन्हा तपासायचे. त्याला अकरा दिवस लागले. इंद्रजित झाकणं उघडायचा, क्रांती मोजायची, जयमाला लिहायची. चौथ्या दिवशी इंद्रजितनं एका बोर्डापाशी थांबून, जरा तुटकपणे, पण पहिल्यांदाच विचारलं, "हे तू कसं ओळखतेस गं? काट्यावरून?" ती सांगायला लागली तर तो ऐकत राहिला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लायसन्स आलं. ताकीद देऊन, पण आलं. ज्या दिवशी आलं त्या दुपारी ज्योतिबा आणि क्रांती मागच्या ओट्यावर गेले. गाळेधारक संघानं ओट्याला ना-हरकत पत्र दिलं होतं. यशवंतशेटनी ते कुणी न मागता आणून टाकलं होतं. आता शकुबाईच्या नव्या मीटरचा अर्ज भरायचा होता. क्रांती पोत्यावर बसली, अर्ज मांडीवर घेतला.

"आजी, पूर्ण नाव सांगा."

"शकुबाई."

"पूर्ण. नवऱ्याचं, आडनाव."

शकुबाईचा गजरा गुंफणारा हात थांबला. "ते कशाला?"

"मीटर तुमच्या नावावर येणार ना."

"माझ्या?" म्हातारीनं ज्योतिबांकडं बघितलं. ज्योतिबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मला बी ठावं न्हाई," ते क्रांतीला म्हणाले. "वीस वर्सं झाली. कधी इचारलंच न्हाई बघ."

क्रांतीलाही ते जाणवलं. शटरला करंट कुठून येतो हे शोधायला तिनं तीन दिवस झोप घालवली होती. या बाईकडून लहानपणापासून गजरे घेतले होते आणि ‘शकुबाई’ एवढंच ठाऊक होतं.

"राधाबाई," शकुबाई सावकाश म्हणाली. "राधाबाई धोंडिराम कदम. शकू माझी पोरगी. तिच्या नावानं ओटा घातला हुता. ती गेली, मग लोकं मलाच शकुबाई म्हणाया लागली. म्या बी म्हणू दिलं."

 ज्योतिबा हळूच ओट्याच्या कडेला टेकले.

"कशी गेली ती?" क्रांतीनं विचारलं.

"सांगते की," राधाबाई म्हणाली आणि गजऱ्याचा दोरा दातानं तोडला. "आधी नाव लिही. नीट लिही, खाडाखोड नको."

क्रांतीनं एकेक अक्षर सुटं लिहिलं, मग अर्ज बाजूला ठेवला आणि ऐकायला बसली.